“पुन्हा कधी उडवायचं?”



मागच्या आठवड्यात कलबुर्गीहून पुतण्याचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, “काका, मला रिमोटचं हेलिकॉप्टर घ्यायचंय. खेळण्यातलं नको, इंजिनवालं, खरं. तुमच्याकडं होतं म्हणे एक. कोणतं घेऊ ते सांगा, आणि इंजिन किती नंबरचं घेऊ?”

मी “बघू, सांगतो” म्हणून फोन ठेवला. कारण खरं उत्तर द्यायचं तर अप्पांची गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी घरात आजवर कुणाला पुरती सांगितलेली नाही. आज इथं लिहितोय. त्याच्यासाठी लिहितोयच, पण बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आपल्या पट्ट्यात ज्या घरातलं लेकरू असंच आभाळाकडं बघत बसलंय, त्या घरच्या मोठ्या माणसांसाठीही लिहितोय.

आमचं गाव भालकी तालुक्यात. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी, असं आपलं सगळ्यांचंच. अप्पा म्हणजे माझे वडील. शेतकरी माणूस. त्यांनी विमान पहिल्यांदा बघितलं ते १९४८ ला, पोलीस ॲक्शनच्या वेळी. दहा वर्षांचं पोरगं, उभ्या ज्वारीत दडून बसलेलं. घरचे सगळे खाली मान घालून, आणि हे एकटं वर बघत. “भ्या वाटलं नाही का?” असं विचारलं की म्हणायचे, “वाटलं की. पर बघावं बी वाटलं.”

मी शिकायला बिदरला मावशीकडं होतो. बिदरमध्ये राहिलेल्यांना सांगायला नको, तिथं सकाळ कोंबड्याच्या आधी विमानानं होते. हवाई दलाचं तळ गावाला चिकटून. आमच्या लहानपणी पंख्याची शिकाऊ विमानं, मग किरण, २००८ पासून हॉक. १९९६ ला सूर्यकिरणची तुकडी इथंच उभी राहिली. नऊ विमानं एकाला एक चिकटून जायची तेव्हा अख्खं गाव माळवदावर. अप्पा बाजाराला बिदरला आले की परतीची एसटी मुद्दाम चुकवायचे.

पुढं मी बिदरलाच मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकलं. २००४ साली हैदराबादला तांब्याची तार आणायला गेलो असताना एका दुकानात रिमोटचं हेलिकॉप्टर बघितलं. ३० नंबरचं इंजिन, सव्वा मीटरचा पंखा. माझी झोप उडाली. पैसे निम्मेच होते. अप्पांना सहज बोललो. चार दिवसांनी ते अडत्याकडनं तुरीची पट्टी घेऊन थेट दुकानात आले, पैसे गल्ल्यावर ठेवले आणि म्हणाले, “आण. मला बी बघायचंय.”

आता माझी चूक ऐका. मला वाटलं, मी रोज मोटारी उघडतो, पंप दुरुस्त करतो, एवढंसं इंजिन मला काय जड आहे? शिकवणारा कुणी नव्हता आणि मी शोधलाही नाही. फेब्रुवारीचा महिना, तूर निघालेलं रान, निम्मं गाव गोळा झालेलं. इंजिन सुरू केलं, काडी वर ढकलली. यंत्र वीतभर उचललं, डावीकडं सरकलं, त्याचा पाय तुरीच्या धसकटात अडकला आणि ते कलंडलं. पाती जमिनीवर आपटली, शेपटीची नळी मधोमध कापली गेली, आणि पात्याचा एक तुकडा सूं करत पोरांच्या घोळक्यापासून दोन हातांवर जाऊन रुतला. चार सेकंदं, फार तर पाच.

कुणाला लागलं नाही ही देवाची कृपा. त्या आकाराचा पंखा मिनिटाला सतराशेच्या आसपास फेरे घेतो. हिशोब करून बघा, पात्याच्या टोकाचा वेग ताशी चारशे किलोमीटरच्या घरात जातो. हा हिशोब मी नंतर केला. आधी करायला हवा होता.

अप्पा काही बोलले नाहीत. तो तुकडा उचलला, धोतराला पुसला आणि घरी नेऊन देवळीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना एवढंच विचारलं, “पुन्हा कधी उडवायचं?”

मी म्हणालो, “दुरुस्तीला द्यावं लागतंय, हैदराबादला.” सुट्या भागांचीच किंमत यंत्राच्या निम्म्याला गेली होती. माझ्याकडं पैसे नव्हते, आणि खरं सांगायचं तर हिंमतही उरली नव्हती. यंत्र दुकानाच्या पोटमाळ्यावर गेलं. अप्पा दर दसऱ्याला अवजारांच्या पूजेला दुकानात यायचे, एकदा वर बघायचे आणि विचारायचे. मी दर वेळी तेच उत्तर द्यायचो. २०११ ला अप्पा गेले.

म्हणून माझं मत सांगतो, आणि ते बऱ्याच जणांना पटणार नाही. नवशिक्यानं इंजिनचं हेलिकॉप्टर घेऊ नये. इंजिन वाईट म्हणून सांगत नाही. पहिलं यंत्र पडणारच असतं. ते आज पडलं तर उद्या पुन्हा उडवता आलं पाहिजे. निवड करताना ही एकच कसोटी लावा, बाकीच्या गोष्टी नंतर.

ते पडणारच असं का म्हणतो? विमान हवेत गेलं आणि हात सोडला तर बरंचसं आपलं आपण सावरतं. हेलिकॉप्टर एका जागी तरंगवणं म्हणजे उपड्या परातीवर गोटी ठेवणं. डाव्या काडीनं वर-खाली आणि शेपूट, उजव्या काडीनं पुढं-मागं आणि डावं-उजवं. चारी गोष्टी एकाच वेळी, आणि एक हलवली की बाकीच्या तीन बिघडतात. यंत्राचं तोंड आपल्याकडं झालं की डावं-उजवं उलटं होतं. हे डोक्यानं कळून उपयोग नाही, बोटांना कळायला लागतं. सायकल शिकताना जसं होतं तसंच. फक्त सायकलवरनं पडलं तर गुडघा फुटतो, इथं महिन्याचा पगार फुटतो.

मग घ्यायचं काय? ओळीनं सांगतो.

सगळ्यात आधी रिमोट आणि सिम्युलेटर. चांगला, सहा किंवा जास्त चॅनेलचा, २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट एकदाच घ्यावा. यंत्रं बदलतात, रिमोट राहतो. आमच्या वेळी क्रिस्टलचे रिमोट होते, शेजारच्यानं त्याच नंबरवर लावला की आपलं यंत्र खाली. आता ती कटकट नाही. हा रिमोट वायरीनं कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर उडवता येतं. तिथं दिवसाला पन्नास वेळा पडा, एक रुपया जात नाही. पुतण्याला माझं सांगणं आहे, रोज अर्धा तास, दोन महिने. तोंड आपल्याकडं करून मिनिटभर एका जागी तरंगवता आलं की मगच खरं यंत्र हातात घ्यायचं.

मग बॅटरीचं छोटं यंत्र. यात तीन जाती आहेत. एकावर एक दोन पंखे उलटसुलट फिरतात ती पहिली. फार स्थिर असते, घरात उडते, पण त्यातनं फारसं शिकायला मिळत नाही. दुसरी एका पंख्याची, चार चॅनेलची. तिच्यात पात्याचा कोन पक्का असतो आणि पंखा जोरात फिरवला की यंत्र वर जातं. बोटांना वळण लागायला ही उत्तम. तिसरीत पंख्याचा वेग साधारण तोच ठेवून पात्याचा कोन बदलतात. खऱ्या हेलिकॉप्टरचं तंत्र हेच. हिला सहा चॅनेल लागतात. आता या जातीतही पन्नास-साठ ग्रॅमची, तळहातावर मावणारी यंत्रं मिळतात आणि आतलं जायरो बरंच सांभाळून घेतं. सिम्युलेटर नीट केलं असेल तर दुसरी गाळून थेट तिसरीवर गेलं तरी चालतं.

एवढं हलकं यंत्र पडलं तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. झालंच तर एखादं पातं नाहीतर शेपटीचा पंखा जातो. तो दोन मिनिटांत बदलून पुन्हा उडवता येतं.

नंतर ४५० च्या आकाराचं. याचं पातं सव्वातीनशे मिलिमीटरच्या आसपास असतं. वारा झेलतं, नजरेला नीट दिसतं. पण इथून पुढं ते शस्त्र आहे हे लक्षात ठेवायचं. पाच-सात मीटर लांब उभं राहायचं आणि बघे लोक आपल्या पाठीमागं. खाली काड्यांचा फुलीसारखा आडवा सांगाडा आणि टोकांना प्लॅस्टिकचे चेंडू बांधायचे म्हणजे यंत्र कलंडत नाही. मी तो बांबूच्या कामट्यांचा केला होता. २००४ ला माझ्याकडं तेवढाच असता तरी त्या धसकटानं माझं काही बिघडवलं नसतं.

पैशाची वाटणी. जेवढे पैसे असतील त्यातले निम्मेच यंत्रावर घाला. उरलेल्यात सुटी पाती, शेपटीच्या नळ्या, दोन-तीन बॅटऱ्या आणि बरा चार्जर. घ्यायच्या आधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, “याचं पातं, शाफ्ट आणि शेपटीची नळी आज तुमच्याकडं आहे का?” मागवून देतो म्हणाला तर ते यंत्र कितीही देखणं असो, सोडून द्या. परदेशातनं मागवायचं असेल तर आणखी सांभाळून. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोन आयात करायला बंदी आहे, सुटे भाग तेवढे चालतात. त्यामुळे अख्खं यंत्र कस्टममध्ये अडकायची भीती असते.

आता इंजिनवाल्या मंडळींशी थोडं बोलतो. तुम्ही म्हणाल, बॅटरीचं म्हणजे खेळणं, इंजिनाचा आवाज, धूर, वास यातच खरी मजा. ती मजा मला ठाऊक आहे. पण नवशिक्याला इंजिन म्हणजे एकाच वेळी दोन विद्या शिकणं आहे.

नंबर म्हणजे घन इंचाचा शंभरावा भाग. ३० नंबर म्हणजे जवळपास ५ सीसी, ५० म्हणजे ८ सीसीच्या वर, ९० म्हणजे १५ सीसीच्या आसपास. त्यात पेट्रोल चालत नाही. मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि जवळपास पाचवा हिस्सा तेल असं मिश्रण लागतं. ते ना बिदरला मिळतं ना कलबुर्गीला. पेट घेणारा माल म्हणून कुरिअरवाले हात लावत नाहीत. मेथॅनॉल विषारी आहे, पोटात गेलं तर डोळे जातात. त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही. लेकरं असलेल्या घरात ते ठेवायचं म्हणजे कुलूप लावूनच.

त्यात सुईनं इंधनाचं प्रमाण जुळवणं आलं. जास्त झालं तर इंजिन घुसमटतं, कमी झालं तर तापून जाम होतं. आपल्याकडं सकाळी पंधरा डिग्री आणि दुपारी पस्तीस, म्हणजे सकाळची सुई दुपारी चालत नाही. नवं इंजिन पहिल्या काही टाक्या जास्त तेलपाण्यावर, सावकाश चालवून बसवावं लागतं. सुरू करताना वरचा पंखा हातानं धरून ठेवावा लागतो. क्लच लागला आणि हात सुटला तर मग बोटं मोजत बसायची. विमानाचं इंजिन यात चालत नाही. हेलिकॉप्टरच्या इंजिनाला समोरनं वारा लागत नाही, म्हणून त्याला थंड करायला वेगळा पंखा आणि मोठ्या पाकळ्यांचं डोकं लागतं. आणि ज्याला अजून यंत्र तरंगवता येत नाही, त्याला ते का पडलं हेच कळत नाही. हाताची चूक की सुईची?

उडवता यायला लागल्यावर, वर्ष-दोन वर्षांनी, इंजिन घ्यायचंच असेल तर जरूर घ्या. माझं मत ३० पेक्षा ५० ला. मोठं यंत्र वाऱ्यात शांत राहतं. पण शेजारी जाणता माणूस उभा पाहिजे.

बॅटरीही साधी नसते, हेही सांगितलं पाहिजे. लिथियमच्या सेलला भरल्यावर ४.२ व्होल्ट, त्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. उडवून साडेतीनच्या आसपास आली की थांबायचं. ठेवायची असेल तर ३.८ वर. फुगलेली बॅटरी वापरायची नाही. चार्जिंगला लावून झोपायचं नाही, आणि लावायची ती फरशीवर, गादीवर नाही. कलबुर्गीच्या मे महिन्यात बंद गाडीत बॅटरी विसरू नका, गाडीसकट जाईल.

“मग ड्रोनच घेतो की, सोपं आहे” असं काही पोरं म्हणतात. घ्या. ड्रोनला बोट सोडलं तरी तो आपला तरंगत राहतो. फोटो काढायचे असतील तर तोच बरा. पण ज्याला उडवायचंय, त्याला उडवण्याचं काम यंत्रानंच केलं तर काय राहिलं?

उडवायचं कुठं, हे आपल्या भागात फार महत्त्वाचं. २५ ऑगस्ट २०२१ चे ड्रोन नियम माणूस न बसलेल्या सगळ्याच यंत्रांना लागू आहेत, हेलिकॉप्टरलाही. विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत बंधनं आहेत, आणि अगदी जवळच्या भागात परवानगीशिवाय उडवायचंच नाही. बिदरला हवाई दल आहे, कलबुर्गीला २०१९ पासून विमानतळ आहे. म्हणजे माळवदावरनं, किल्ल्याजवळनं, कॉलेजच्या मैदानावरनं “काय होतंय” म्हणून उडवायचं नाही. डिजिटल स्कायच्या नकाशावर लाल, पिवळा, हिरवा भाग बघून घ्यायचा. हिरव्यातही चारशे फुटांच्या वर नाही. तिकडं वर कुणाचं तरी लेकरू खरं विमान शिकत असतं.

माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे गावाकडचं खळं. सारवलेलं, सपाट, ना धसकट ना ढेकूळ. बिदरच्या लाल मातीची धूळ बेअरिंगमध्ये जाते आणि भालकीकडच्या काळ्या रानात भेगा असतात. खळ्यावर दोन्ही त्रास नाहीत. भल्या सकाळी, वारा उठायच्या आत.

मी तसंच शिकलो. अप्पा गेल्यावर वर्षभरानं एक छोटं बॅटरीचं घेतलं आणि खळ्यावर रोज पाडलं. पाडत पाडत शिकलो. २०१५ ला पोटमाळ्यावरचं जुनं यंत्र उतरवलं, एकेक भाग जमवून उभं केलं आणि त्याच रानात उडवलं. छान उडलं. गाव बघायला आलं होतं. ज्यांना बघायचं होतं ते नव्हते.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. बिदरच्या आभाळात आम्ही लहानपणापासून विमानं बघितली, पण लक्षात ठेवली ती सूर्यकिरणची नऊ. रोज सकाळी एकच शिकाऊ विमान वर जायचं, गोल फिरायचं, धावपट्टीला टेकायचं, पुन्हा वर जायचं. दहादा, वीसदा. आत शेजारी नाहीतर मागं शिकवणारा बसलेला. ते बघून आम्ही कंटाळायचो. खरा धडा त्या कंटाळवाण्या फेऱ्यांत होता. तो डोक्यावरनं रोज जात होता आणि मी मात्र तमाशाच बघत राहिलो.

तर पुतण्या, तुझं उत्तर हे असं आहे. आधी रिमोट आणि सिम्युलेटर, मग तळहाताएवढं यंत्र, खिशात चार सुटी पाती. दिवाळीला खळ्यावर ये, मी शेजारी उभा राहतो. इंजिनाचं आपण दोन वर्षांनी बोलू. माझंच देईन तुला.

आणि घरच्या मोठ्यांना एक विनंती. यंत्र पडलं की “सांगितलं होतं ना” म्हणू नका. अप्पांनी मला विचारलं तेवढंच विचारा, “पुन्हा कधी उडवायचं?” आणि पैसे देताना असंच यंत्र घ्यायला लावा, की त्या लेकराला मान वर करून सांगता येईल, “उद्या.”

मला ते सात वर्षं सांगता आलं नाही. पात्याचा तुकडा अजून देवळीत आहे.